पुरानंतर आलेली एमजीबी आणि दाराची फट

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा वडोदऱ्यातील गॅरेजांसमोर चिखलाने भरलेल्या मोटारींच्या रांगा लागल्या होत्या. अशा गाड्यांचे काम आम्हां कारागिरांना तोंडपाठ असते: गालिचे काढणे, वायरिंगचे जोड धुऊन वाळवणे, ऑइल बदलणे आणि विम्याच्या सर्व्हेअरची वाट पाहणे. त्याच रांगेत एका निवृत्त डॉक्टरांची १९६९ सालची, उघड्या छपराची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार माझ्याकडे आली. इंग्लंडमध्ये नोकरीला असताना त्यांनी ती घेतली होती आणि परतताना सोबत आणली होती. सीट आणि वायरिंग दुरुस्त करावे व डाव्या पाखाचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, रंग पुन्हा मारावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

सर्व्हेअरने पाणी सीटपर्यंत चढल्याचे नोंदवले, इंजिनातले ऑइल पाहिले, सीटमागच्या खणातील सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे फोटो काढले आणि तो निघून गेला. दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये, पाणी आणि गाळ अडकून राहतो, हे माझे म्हणणे त्याने ऐकून घेतले, पण कागदावर उतरवले नाही. विम्याचा नमुनाच असा आहे की, ज्या भागाला त्यात रकाना नाही, तो भाग बुडालाच नाही असे धरले जाते, आणि याची मला आजही चीड येते.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. तिच्या बंद छपराच्या जीटी या भावंडाला छताचा आधार तरी मिळतो. उघड्या गाडीत मात्र पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे काम मुख्यतः तळाच्या मधोमध उंचावलेला पत्र्याचा बोगदा आणि दोन्ही बाजूंच्या सिल करतात. प्रत्येक सिल म्हणजे बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालची खाचांची पट्टी अशी बांधलेली पेटी असते. बाहेरचा पत्रा पुढच्या आणि मागच्या पाखाखाली शिरलेला असतो, त्यामुळे तो नीट बदलायचा तर पाखांचा खालचा भाग कापावा लागतो. हे कष्ट टाळण्यासाठी अनेक जण कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवतात, कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात आणि रंग मारून मोकळे होतात. या गाडीचेही पूर्वी कोणीतरी तेच केले होते, आणि इतक्या सफाईने केले होते की नुसत्या नजरेला ते कळत नव्हते.

ते कळले जॅक लावल्यावर. गाडी मधोमध, सिलखालच्या ठरलेल्या जागी उचलली की दाराभोवतीची फट जशी होती तशीच राहिली पाहिजे. वजन जॅकवर येऊ लागले, तशी दाराच्या मागच्या कडेची वरची फट रुंदावत गेली. माझा वेल्डर दाराशी बसला होता; तो म्हणाला, “साहेब, आ तो खुलतो जाय छे.” गाडीची दोन्ही टोके खाली झुकत होती. मी जॅक उतरवला, लांबी खरवडली आणि टोच्याने दाबले. टोच्या आत गेला आणि भोकातून चिखल ओघळू लागला.

डॉक्टरसाहेबांना बोलावून मी पुन्हा जॅक लावून दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अहो, मी तर फक्त रविवारी सकाळी सयाजीबागेपर्यंत जातो.” त्यांचे म्हणणे मला समजत होते, परंतु बाजूने धडक बसली तर माणूस आणि धडक यांच्यामध्ये तेवढाच पत्रा असतो. त्या लांबीवर रंग मारायला मी नकार दिला.

शेवटी ते तयार झाले आणि पत्रे इंग्लंडहून मागवले. या गाडीचे पत्रे आजही नवे मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८ पासून तिची अख्खी नवी बॉडीही उपलब्ध करून दिली आहे. कापण्याआधी आम्ही गाडी समतल केली, दाराच्या पुढच्या आणि मागच्या खांबांना जोडणारे लोखंडी अँगल वेल्ड केले आणि एका वेळी एकच बाजू उघडली. हे अँगल न लावता सिल कापली, तर बॉडी वाकून खाली बसते, आणि त्यावर नवी सिल वेल्ड केली की तो बाक कायमचा होतो. नवा पत्रा क्लॅम्पने धरायचा, दार अडकवून फट पाहायची, थोडे टाके मारायचे आणि पुन्हा फट पाहायची, असे ते काम चालते. त्यात घाई करणाऱ्या माणसाला मी वेल्डिंगचा टॉर्च हातात देत नाही. शेवटी पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवून आत मेण फवारले. त्यानंतर जॅक लावला, तेव्हा फट हलली नाही.

खरा पेच बिल करताना उभा राहिला. डॉक्टरसाहेबांना गाडीची विंटेज नोंदणी करायची आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी त्यासाठी पात्र ठरते, पण ती मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चासीत किंवा बॉडीत फेरबदल केलेला नसावा, अशी अट आहे. त्यांनी बिलात फक्त पुराची सफाई आणि रंगकाम लिहावे, असे सुचवले. मला ते पटले नाही. लांबी भरलेली, आतून मोडलेली गाडी तपासणीत मूळ म्हणून सहज खपली असती, आणि कारखान्यातील मूळ घडणीप्रमाणे उभी केलेली गाडी मात्र शंकेला पात्र ठरते, हे मला अन्यायाचे वाटते. वेगळ्या चासीच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हा नियम लिहिला गेला असावा. ज्या गाडीची बॉडी हीच चासी आहे, तिच्या कुजलेल्या पत्र्याचे काय करायचे, याचे उत्तर त्यात मला सापडत नाही.

मी बिलात दोन्ही सिल मूळ मापाच्या पत्र्यांनी बदलल्याचे, बॉडीचा आकार न बदलल्याचे स्पष्ट लिहिले आणि कापण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो जोडले. डॉक्टरसाहेबांनी ते वाचले, काही न बोलता पैसे दिले आणि गाडी नेली. त्यांनी अर्ज केला आहे, निर्णय अजून आलेला नाही. तो विरुद्ध गेला, तर त्यांच्यासोबत कार्यालयात जाऊन जॅक लावून दाखवण्याची माझी तयारी आहे, आणि तसे मी त्यांना कळवले आहे.