पार्किंगमधल्या मीटरचा लाल ठिपका

"बाई, तुमचं ॲप एक सांगतं आणि मीटर दुसरंच," आमच्या सोसायटीचे खजिनदार काका जिन्यात थांबून हळू आवाजात म्हणाले. मला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण मला ते लागलं. डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या इमारतीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आमची. चार्जरची वीज सोसायटीच्या मीटरवरून सबमीटर लावून घेतली आहे. महिनाअखेरीला चार्जरच्या ॲपवरचे युनिट मी काकांना कळवते आणि तेवढे पैसे भरते. ॲप कमी दाखवत असेल तर माझ्या गाडीचा भार शेजाऱ्यांवर पडतोय, हे मला सहन होईना.

त्या रात्रीचे आकडे वहीत आहेत. सबमीटर ३०.० युनिट, ॲप २८.५, गाडीचा पडदा २६.६.

गाडीचा आकडा मी बाजूला ठेवला. भिंतीतून एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह येतो, बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह लागतो. हा बदल गाडीतच होतो आणि त्यात थोडी वीज उष्णता होऊन जाते. शिवाय गाडीची स्वतःची यंत्रणा जागी असते ती वेगळीच. दहा-बारा टक्के तिथे जाणारच. पण ॲप आणि सबमीटर तर एकाच तारेवरची वीज मोजतात!

चार्जर कंपनीच्या मदत क्रमांकावरून सांगितलं, वायफाय तुटत असेल, ॲप काढून परत टाका. टाकलं. फरक तसाच. वायफायने एखाद्या रात्रीची नोंद बुडाली असती, रोज पाच टक्के कशी बुडेल?

वही मागे चाळताना एक गोष्ट खटकली. संध्याकाळी सातला गाडी लावली होती त्या दिवशी ॲप सबमीटरपेक्षा किंचित जास्त दाखवत होतं. कमी दाखवायचं ते मध्यरात्रीनंतर. एकच यंत्र वेळ बघून चुकतं, म्हणजे वेळेबरोबर बदलणारं काहीतरी त्याच्या हिशेबातून सुटतंय.

सबमीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं. म्हणजे लाल ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. पूर्ण ३२ अँपिअरवर तो इतका भराभर लुकलुकतो की मोजणं शक्य नाही, म्हणून चार्जर ६ अँपिअरवर आणला आणि नातीला स्टॉपवॉच देऊन रात्री साडेबाराला पार्किंगमध्ये उभी राहिले. १०० लुकलुकींना साडेसत्त्याहत्तर सेकंद लागले. एक युनिट म्हणजे ३६०० किलोवॅट-सेकंद, तर १०० लुकलुकी म्हणजे ११२.५; त्याला सेकंदांनी भागायचं, की किलोवॅट मिळतात: १.४५. ॲपवर मात्र १.३८.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच १०० लुकलुकींना ८३ सेकंद, म्हणजे १.३६ किलोवॅट. ॲपवर पुन्हा १.३८. तो आकडा जागचा हलतच नव्हता. आणि मग लख्ख दिसलं: ६ गुणिले २३० म्हणजे १३८०!

चार्जर करंट मोजत होता, व्होल्टेज मोजत नव्हता. २३० धरून गुणाकार करत होता. सबमीटरचं बटण दाबत गेलं की व्होल्टेजही दिसतं. संध्याकाळी घरोघरी दिवे, गिझर, एसी सुरू असताना २२६. मध्यरात्री लाईनवरचा भार उतरला की २४२. त्या २४२ ला २३० ने भागलं की १.०५ येतात, आणि ३० भागिले २८.५ केले तरी तेच. एकतीस वर्षं मुलांना व्होल्टेज गुणिले करंट शिकवलं, पण तो गुणाकार इतका जवळून कधी पाहिला नव्हता.

वही घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा चढवून सगळे आकडे एकेक करून तपासले आणि म्हणाले, "मग यापुढे सबमीटरच धरू या." मागच्या चार महिन्यांचा फरक काढून मी त्याच दिवशी भरला. आता दर १ तारखेला सकाळी आम्ही दोघं मिळून रीडिंग घेतो. कंपनीलाही दोन्ही वेळचे आकडे लिहून पाठवले आहेत; उत्तर यायचंय.