ओटी भरून झाल्यावर बदामी

बदामी, शनिवार, रात्री साडेदहा

आमच्या घरात कुणी ‘बदामीला जाऊन आलो’ म्हटलं की त्याचा अर्थ आमच्या कुलदेवीची, बनशंकरीची, ओटी भरून आलो, एवढाच. सोलापूरहून पहाटे निघायचं, विजापूर, बागलकोट करत दुपारच्या आत देवळात पोचायचं, अभिषेक, ओटी, नैवेद्य, देवळाबाहेर भाकरी, आणि धुतलेले हात वाळायच्या आत गाडी परतीला लावायची. बदामी गाव तिथून पाच किलोमीटरवर. तेवढ्यासाठी कुणाकडे वेळ नसे. या वेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं की मुक्काम करायचा आणि संध्याकाळ गावाला द्यायची. “देवीचं झाल्यावर आणखी काय बघायचं उरतं?” असं आत्याने विचारलं, पण भावाने खोल्यांचे पैसे आधीच भरले होते, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

देवळात आज गर्दी बेताची होती. खरी गर्दी पौषात, शाकंभरी नवरात्रात. पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आताचं देऊळ 1750च्या सुमाराचं, परशुराम आगळे नावाच्या मराठा सरदाराने बांधलेलं. देवीचं ठाणं त्याहून किती तरी जुनं. समोरच्या हरिद्रातीर्थाभोवतीच्या दगडी ओवऱ्या मला देवळापेक्षाही आवडतात, पण हे आत्यापुढे बोलायची सोय नाही. ओटीचा खण आम्ही सोलापूरच्या दुकानातून नेला होता. पुजाऱ्याने तो हातात घेऊन किनार बघितली आणि म्हणाला, “हा आमच्या गुळेदगुड्डचाच.” म्हणजे हा खण इथून जवळच विणला गेला, सोलापूरला गेला आणि आमच्या पिशवीतून परत इथे आला. वहिनीची इरकल इलकलची, तेही याच जिल्ह्यातलं. आम्ही कुलाचार म्हणून जे जे नेसून आणि बांधून आलो होतो, ते सगळं माहेरीच आलेलं होतं.

जेवण देवळाबाहेर. झाडाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडची ज्वारीची कडक भाकरी, मोडाची मटकी, शेंगाचटणी आणि मातीच्या बोळक्यातलं दही. आत्याने चटणी चाखून “आपल्यापेक्षा लसूण जास्त” एवढाच शेरा मारला आणि दोनदा मागून घेतली.

चारच्या सुमाराला लेण्यांच्या पायथ्याशी गाडी लागली. इथे आधी माकडं भेटतात, मग तिकीट. भाच्याच्या हातातलं बिस्किटाचं पाकीट उतरल्या उतरल्या गेलं. वाटाड्या म्हणून जो माणूस बरोबर आला तो पन्नाशीचा, बोलायला निम्मा मराठी, निम्मा कानडी, अडलं की हिंदी. मला आणि वहिनीला “अक्का” म्हणत होता आणि आत्याला “अम्मा”. आत्याने पायऱ्या बघून खालीच बसायचं ठरवलं होतं, पण “अम्मा, बन्नि, बन्नि” करत त्याने तिला पहिल्या लेण्यापर्यंत आणलं आणि मग ती आपणहून वर चढत राहिली.

बदामीचा दगड लाल वाळूचा. इथे वेरूळ-अजिंठ्यासारखा काळा कातळ नाही. कडा खालून बघितला की पिवळ्या, तांबड्या, जांभळट थरांचे पट्टे दिसतात, कपाटात एकावर एक रचलेल्या इरकली लुगड्यांसारखे. लेणी दक्षिणेकडच्या टेकडीच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे हिवाळ्यात दुपार उतरली की ती सावलीत जातात. मला आधी वाटलं, चुकीच्या वेळी आलो. पण समोरच्या उत्तरेकडच्या टेकडीवर ऊन पडलेलं असतं, आणि त्या लाल कड्यावरून उजेड परतून लेण्यांत येतो. मूर्तींवर डोळ्यांत खुपणारं ऊन नाही, खोल सावल्या नाहीत, सगळीकडे सारखा तांबूस उजेड. फोटो फिके येतात, हे खरं. डोळ्यांना मात्र दुपारच्या भगभगीपेक्षा हेच बरं वाटलं.

पहिल्या लेण्याबाहेर उजव्या हाताला अठरा हातांचा नटराज आहे. सगळे त्याच्यापुढे थांबतात, आम्हीही थांबलो. वाटाड्याने एकेक हात जोडीला धरून कोणकोणत्या मुद्रा होतात ते दाखवलं. त्याचा हा पाठ रोजचा असणार, पण त्यात कंटाळा नव्हता. भाच्याला मात्र डावीकडच्या द्वारपालाच्या पायाशी असलेली जोडमूर्ती जास्त आवडली: एका बाजूने बघितलं तर हत्ती, दुसऱ्या बाजूने बैल, डोकं दोघांत एकच. तो एकदा इकडून, एकदा तिकडून बघत बसला. आतल्या अर्धनारीश्वराशेजारचा हाडांचा सापळा झालेला भृंगी बघून आत्या म्हणाली, “ह्याला कुणी जेवायला घालत नव्हतं काय?” गोष्ट मी सांगितली: पार्वतीला वगळून एकट्या शंकराला प्रदक्षिणा घालण्याचा त्याचा हट्ट आणि त्यापायी गेलेलं रक्तमांस. “मग बरोबर झालं,” असा निकाल देऊन आत्या पुढे गेली.

दुसरं लेणं विष्णूचं. ते आम्ही घाईने पाहिलं. लक्षात राहिलं ते छतावरचं चाक, ज्याचे सोळा आरे म्हणजे सोळा मासे.

तिसऱ्यात वेळ गेला. ते सगळ्यांत मोठं, आणि माझ्या मते चालुक्यांना जे काही सांगायचं होतं ते त्यांनी इथे सांगून टाकलंय. व्हरांड्याच्या टोकाला विष्णू शेषाच्या वेटोळ्यावर चक्क बसलाय. आपल्याला तो आडवा, लक्ष्मी पाय चेपतेय असा बघायची सवय. इथला ऐटीत बसलेला, डोक्यावर फणा, दरबार भरवल्यासारखा. मग वराह, नरसिंह, हरिहर आणि पाय थेट खांद्याच्या वर उचललेला त्रिविक्रम. खांबांच्या वर तिरप्या आधाराला कोरलेली जोडपी आहेत. कुणी झाडाखाली, कुणी एकमेकांच्या खांद्यावर रेललेली. वर पन्हाळीच्या आतल्या बाजूला रंगचित्रांचे अंश उरलेत. वाटाड्याने काठीने दाखवल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि दाखवल्यावरही थोडं मनाने भरून घ्यावं लागतं.

इथल्या भिंतीवर एक संस्कृत लेख आहे. राजा कीर्तिवर्मा, त्याचा धाकटा भाऊ मंगलेश, त्याने हे महाविष्णूचं घर कोरवलं आणि देवाच्या पूजेसाठी गाव लावून दिलं. तारीख: शके 500, कार्तिकी पौर्णिमा. म्हणजे इसवी सन 578. वाटाड्याने सन सांगितला तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. इतक्या जुन्या आकड्याचं आपण करणार तरी काय? पण “कार्तिकी पौर्णिमा” म्हटल्यावर आत्या वळली. “त्रिपुरी?” तिने विचारलं. “हौदु अम्मा, तीच.” गेल्या महिन्यात तिने त्याच तिथीला तुळशीपुढे वाती लावल्या होत्या. मग ती भिंतीजवळ जाऊन बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. मलाही नाही.

मी या लोकांना शाळेत ‘चालुक्य’ या धड्यात भेटले. पुलकेशी दुसरा, त्याने हर्षाला नर्मदेवर अडवलं, पाच मार्क. तो जिथून राज्य करत होता ते आपल्या कुलदेवीच्या पलीकडचं गाव, हे धड्यात कुठे नव्हतं. इथून जवळच्या ऐहोळच्या मेगुटीच्या देवळातला, पुलकेशीच्या दरबारातल्या रविकीर्ती कवीचा लेख शके 556चा, म्हणजे 634 सालचा. पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असं त्यात म्हटलंय. महाराष्ट्र या नावाचा इतका जुना उल्लेख वाचायचा तर ऐहोळला यायचं, आता कर्नाटकात. आणि ‘आता’ हे तरी किती आताचं? 1956 पर्यंत हा सगळा तेव्हाचा विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता, सोलापूरसारखाच. आमचे आजोबा बनशंकरीला यायचे तेव्हा त्यांना दुसऱ्या राज्यात जातोय असं वाटायचं कारणच नव्हतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. रेषा कुठे तरी ओढावीच लागते. पण ती ओढल्यावर आमच्या घराने देवी तेवढी आपली ठेवली आणि तिच्या शेजारचं गाव कानडी मुलखाला देऊन टाकलं, हे मला आज जाणवलं आणि थोडं हसूही आलं.

चौथं लेणं जैनांचं, लहान, उंचावर. बाहुबलीच्या पायांवर वेली चढलेल्या. तिथून गाव आणि तळं एका नजरेत येतं: पायथ्याशी अगस्त्यतीर्थ, पश्चिमेला पांढरी घरं, पलीकडे लाल कडा आणि त्यावर किल्ल्याचे बुरूज. शिट्ट्या वाजू लागल्या होत्या, म्हणून फार थांबता आलं नाही.

उतरून तळ्याच्या कडेने भूतनाथाच्या देवळाकडे निघालो. घाटाच्या पायऱ्यांवर बायका अजून धुणी धूत होत्या. एक आपटणं इकडे आणि त्याचा पडसाद समोरच्या कड्यावरून. भाच्याने टाळ्या वाजवून तो तपासून पाहिला. चालता चालता आत्याने त्याला अगस्त्याची गोष्ट सांगितली. इल्वल आणि वातापी हे भाऊ राक्षस. वातापी बोकड व्हायचा, इल्वल त्याला शिजवून ब्राह्मणांना वाढायचा, आणि मग हाक मारली की वातापी पोट फाडून बाहेर यायचा. अगस्त्याने जेवून पोटावरून हात फिरवला आणि त्याला पचवूनच टाकलं. जेवणानंतर “आतापी भक्षितो येन वातापी च महाबलः” म्हणत आमच्या पोटावरून आजी हात फिरवायची, तेव्हा हा वातापी म्हणजे बदामीचंच जुनं नाव असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तळ्याच्या दोन बाजूंच्या टेकड्या म्हणजे ते दोघे भाऊ, असं इथले लोक मानतात. भाच्याने दोन्हींकडे बघून विचारलं, “मग पचलेला कोणता?”

या गावाने खाल्लेले मार मात्र पचायला सोपे नव्हते. 642च्या सुमाराला कांचीचा पल्लव राजा नरसिंहवर्मा चाल करून आला, त्याने वातापी जिंकलं, पुलकेशीचा शेवट झाला, आणि पल्लवांनी आपला लेख इथल्या खडकावर कोरून ठेवला. चालुक्य पुन्हा उभे राहिले आणि आणखी शंभर वर्षांनी राष्ट्रकूटांनी त्यांचं इथलं राज्य कायमचं संपवलं. बऱ्याच पुढे, 1786च्या मे महिन्यात, टिपूच्या ताब्यातला हा किल्ला मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी वेढा घालून घेतला. भावाला एवढाच इतिहास आधीपासून पाठ होता. तो तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

तळ्याच्या पूर्व टोकाला, देवळाच्या थोडं अलीकडे, कड्यावर एक कानडी लेख आहे, सुमारे 700 सालचा, कप्पे अरभट्ट नावाच्या वीराचा. वाटाड्या तिथे उभा राहिला आणि चालीवर म्हणाला: “साधुगे साधु, माधुर्यंगे माधुर्यं, बाधिप्प कलिगे कलियुग विपरीतन्.” त्रिपदी या तीन चरणांच्या छंदातलं इतकं जुनं कानडी दुसरीकडे सहसा मिळत नाही, असं तो सांगत होता. अर्थ साधारण असा की हा सज्जनाशी सज्जन, गोडाशी गोड, पण छळायला आलेल्याला कलियुगात कधी न पाहिलेला. ऐकताच मला चिनी प्रवासी ह्युएन त्संग आठवला. साधारण 641 साली तो महाराष्ट्रात आला आणि इथल्या लोकांबद्दल त्याने जवळपास हेच लिहून ठेवलं: उपकार करणाऱ्याचे ऋण मानतात, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. मी ते मोठ्याने सांगितलं. वहिनी काही बोलली नाही, फक्त आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, “मग त्यात वावगं काय?”

भूतनाथाचं देऊळ तळ्यातच उभं असल्यासारखं आहे. तोंड पश्चिमेला, म्हणून दिवसभरातलं शेवटचं ऊन त्याच्या वाट्याला येतं. आम्ही पोचलो तेव्हा ते पुढच्या मंडपाच्या खांबांवर होतं. गाभारा बदामीच्या चालुक्यांच्या वेळचा, मंडप नंतर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात जोडलेला. दगड सारखाच असल्यामुळे सांधा शोधावा लागतो. पायऱ्यांवर दुसरे एक मराठी कुटुंब बसलं होतं, सांगलीकडचं. तेही बनशंकरीचे. त्यांच्या आजींनी आत्याला पहिला प्रश्न विचारला तो गोत्राचा, आणि दुसरा, “तुमच्याकडे पुरणाचा नैवेद्य की भाज्यांचा?” यावर दोघींचं पुढचा अर्धा तास चाललं. मागच्या मोठ्या दगडातला शेषशायी विष्णू बघायला मी एकटीच गेले. तिथे अंधारल्यामुळे फक्त शेषाची वेटोळी कळली.

खोलीवर आल्यापासून उद्याची चर्चा चालू आहे. सकाळी पट्टदकल, मग ऐहोळ. मला मेगुटीच्या टेकडीवर जाऊन रविकीर्तीचा लेख बघायचाच आहे. आत्याला गुळेदगुड्डला थांबून विणकराच्या घरूनच खण घ्यायचेत, सुनांना, लेकींना आणि सांगलीच्या आजींना पाठवायला एक. दोन्ही होईल, असं ड्रायव्हर म्हणतो. वहिनी म्हणते, एकच होणार, आणि ते कोणतं हे सगळ्यांना माहीत आहे.