कोणते जाधव?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते. लिफ्टमध्ये, पंगतीत, पालकसभेत तुम्ही विचारता, "जाधव म्हणजे कोणते जाधव?" मी म्हणते, "कराडकडचे." तुम्ही म्हणता, "तसं नाही हो." आणि मनात म्हणता, ही बाई सरळ का सांगत नाही?

तुमची अडचण मला कळते. कुलकर्णी म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. जाधव, गायकवाड, मोरे मात्र मराठ्यांतही आहेत आणि आमच्यातही. म्हणून मग गाव. गावावरून भागलं नाही तर कुलदैवत, नाहीतर देवक. आणि वर, "आम्ही जातपात मानत नाही हं." मानत नाही तर माझ्या देवकाशी काय काम?

सरळ सांगूनही पाहिलंय. "बौद्ध" म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प. मग, "अहो, मी तसं नव्हतं विचारलं." किंवा, "वाटत नाही हं तुमच्याकडे बघून." हे दुसरं कौतुकानं म्हणतात.

२००९ साली मी कोथरूडला भाड्यानं राहायचे. घरमालकीण काकू खालच्या मजल्यावर. आडनाव ऐकून त्यांनीच ठरवलं, "आपल्यातलीच आहे पोरगी." मी खोटं बोलले नाही, गप्प बसले. सणाला त्यांच्या पुरणपोळ्या वर यायच्या. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून मी त्यात साखर घालून द्यायचे.

मग बाबा आले. एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि गुळाची ढेप. दुपारी परत निघाले तेव्हा दारात मी हळूच म्हटलं, "बाबा, खाली काकू भेटल्या तर नमस्कार म्हणा हं." ते चप्पल घालत होते. अंगठा नीट बसवला आणि वर न बघता म्हणाले, "बरं."

काकू जिन्याखालीच उभ्या. बाबांचा उजवा हात सवयीनं वर गेला, मध्येच थांबला, मग डावा हात त्याला येऊन मिळाला. "नमस्कार." काकूंनी आग्रहानं बसवलं, चहा केला. "दादा, देवक कोणतं हो तुमचं?" बाबा कपाकडे बघत म्हणाले, "हिला विचारा. ही शिकलेली आहे." मी म्हटलं, "आईला माहीत असेल." स्वारगेटपर्यंत रिक्षात आम्ही पावसाबद्दल बोललो.

माझे पणजोबा पाटलासमोर वाकून 'जोहार' म्हणायचे. आजोबा रामराम घालायचे, १९५६ नंतर जय भीम म्हणायला लागले. कामठीच्या बाबू हरदासांनी हा शब्द रुजवला, हे लहानपणी मला बाबांनीच सांगितलेलं. जोहारपासून इथवर यायला एवढ्या पिढ्या गेल्या आणि मी ते एका जिन्यात फिरवलं.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. डिपॉझिट अडकलेलं, नोकरी नवी, एकटी मुलगी. काय करायला हवं होतं? खरंय. पण काकूंनी घराबाहेर काढलं असतं हे तुला कुणी सांगितलं? त्यांना संधी तरी दिलीस का? त्यावर ती म्हणते, आधीची दोन घरं कशी गेली ते विसरलीस? नाही विसरले. तिथेही आडनाव चाललं होतं, सामानातल्या बाबासाहेबांच्या फोटोवर गाडी अडली. कोथरूडला तो फोटो कपाटात, साड्यांखाली होता.

आणि मी तरी कुठे वेगळी? ऑफिसात नवी मुलगी आली. आडनाव कांबळे ऐकून बरं वाटलं. चहाला नेलं आणि विचारलंच, "कुठले कांबळे गं?" ती म्हणाली, "कोल्हापूरकडचे." पुढे एक शब्द नाही. तो चेहरा मला चांगला ओळखीचा आहे.

बाबा पूर्वी फोन ठेवताना जय भीम म्हणायचे. त्या भेटीनंतर "बरं, ठेवतो" म्हणतात. मी म्हटलं तर उत्तर देतात, आपणहून नाही. माझ्या शेजारी कुणी असेल, असं वाटत असावं त्यांना. परवा लिफ्टमध्ये त्यांचा फोन आला. आत तुमच्यापैकी दोघं होते. मी म्हटलं, "नंतर करते."