आमची वाटचाल : कमी पाण्याचं फिटिंग दुकानात कसं टिकतं

लातूर, औसा, निलंगा, उदगीर आणि अहमदपूर या भागातल्या सॅनिटरी दुकानांना सीपी फिटिंग (क्रोमचा मुलामा दिलेले नळ-शॉवर), कमोड, फ्लश टँक आणि त्यांचे सुटे भाग पुरवणं हा आमच्या पेढीचा धंदा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर. त्या उन्हाळ्यात लोकांनी टाक्या, ड्रम, पंप यांवर खर्च केला. कमी पाण्यात काम भागवणारा नळ मात्र दुकानात कुणी मागत नव्हतं आणि दुकानदारही दाखवत नव्हता. तो का दाखवत नाही, हे समजून घेण्यापासून कमी पाण्याचं फिटिंग विकण्याच्या आमच्या कामाची सुरुवात झाली.

मार्जिन कमी म्हणून दुकानदार हात आखडता घेतो, असा सगळ्यांचा समज. खरी अडचण तक्रारीची आहे. विकलेला शॉवर चार दिवसांनी परत आला, 'धारच येत नाही' म्हणून गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहिलं, की तो दुकानदार ती वस्तू पुन्हा पुढे करत नाही. त्यामुळे पोस्टर, स्टिकर आणि 'पाणी वाचवा'च्या घोषणांपेक्षा आम्ही सगळा जोर तक्रार मुळात येऊच नये यावर दिला.

सर्वांत जास्त तक्रारी प्रेशरच्या. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब, मिळतं. आपल्याकडच्या बैठ्या घरात दहा फुटांवर स्लॅब, त्यावर तीन फुटांच्या स्टँडवर टाकी आणि शॉवर सात फुटांवर. म्हणजे टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम सहा फुटांचं अंतर, प्रेशर पाव किलोसुद्धा नाही. खोक्यावर छापलेला प्रवाह बऱ्याचदा तीन किलोवर मोजलेला असतो. साध्या छिद्राच्या शॉवरमध्ये प्रेशर चौथाई झालं की धार निम्मी होते. या हिशेबाने तीन किलोवर मिनिटाला आठ लिटर देणारा शॉवर अशा घरात दोनच लिटर देईल. त्याखाली आंघोळ होणार नाही आणि गिऱ्हाईक चिडलं तर ते बरोबरच आहे.

म्हणून दुकानदाराने शॉवर दाखवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, असं आम्ही सांगतो : घर कितव्या मजल्यावर, टाकी त्याच्या किती वर, आणि प्रेशर पंप आहे का. टाकी डोक्यावरच असेल आणि पंप नसेल तर कमी पाण्याचा शॉवर विकूच नये. त्या घरात पाणी आधीच कमी येतंय, वाचवायला तिथे काही नाही. चार-पाच मजली इमारतीत तळमजल्याला दीड किलोपर्यंत प्रेशर मिळतं. तिथे जुना नळ मिनिटाला बारा-पंधरा लिटर सहज ओततो, आणि या मालाची खरी जागा तीच.

गॅस गिझर असेल तर आणखी एक प्रश्न. त्यातून ठरावीक प्रवाह गेला नाही तर तो पेटत नाही किंवा आंघोळीच्या मध्येच विझतो. प्लंबर गिझरला दोष देतो, गिझरवाला शॉवरला. अशा घरी फार कमी प्रवाहाचा शॉवर बसवूच नये, आणि गिझरच्या पुस्तिकेत लिहिलेला किमान प्रवाह आधी पाहावा.

दुसरी गोष्ट बादलीची. आपल्याकडची बहुतेक आंघोळ बादलीने होते. बादलीच्या नळाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून प्रवाह कमी करणारी जाळी, लावून एक थेंबही वाचत नाही, कारण वीस लिटरची बादली वीस लिटरनेच भरते; फक्त वेळ जास्त लागतो आणि घरातले वैतागतात. स्वयंपाकघरात हंडा-कळशी भरायच्या नळाचंही तेच. एरेटरची, म्हणजे बाजारातल्या फोम फ्लोची, जागा वॉश बेसिनवर. दात घासताना, दाढी करताना, हात धुताना वाहून जाणारं पाणी तिथे कमी होतं. मिनिटाला बारा लिटरच्या पिलर कॉकला, म्हणजे बेसिनवरच्या उभ्या नळाला, चार लिटरचा एरेटर लावला तर उघड्या नळाच्या प्रत्येक मिनिटाला आठ लिटर वाचतात. वस्तू शे-दोनशे रुपयांत येते, बसवायला प्लंबरही लागत नाही. नव्या दुकानदाराने सुरुवात इथूनच करावी, असा आमचा आग्रह असतो.

एरेटर बसवताना चुका ठरलेल्या. नळाच्या तोंडाला बाहेरून आटे असतील तर आतल्या आट्यांचा, बहुधा २२ मिलिमीटरचा एरेटर लागतो. नळाला आतून आटे असतील तर बाहेरच्या आट्यांचा, बहुधा २४ चा. जुन्या साध्या बिब कॉकच्या, म्हणजे भिंतीतल्या नळाच्या, तोंडाला आटेच नसतात, तिथे तो बसणार नाही. गिऱ्हाइकाला मोबाइलवर नळाच्या तोंडाचा जवळून फोटो काढून आणायला सांगितलं की निम्मी फेरबदली वाचते. बसवण्याआधी नळ अर्धा मिनिट पूर्ण सोडून लाइनमधली वाळू आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे निघून जाऊ द्यावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी जाळी तुंबते. एरेटरच्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळायचं नाही. सील आतल्या रबरी वॉशरने होतं. पान्याने आवळायचाच असेल तर मध्ये जाड फडकं धरावं, क्रोमवर ओरखडा उठला की तो जात नाही.

आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. काही महिन्यांत जाळीवर पांढरा थर बसतो, धार तिरकी होते. एरेटर काढून तो व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवावा, जुन्या ब्रशने घासून परत लावावा. संडास धुण्याचं ॲसिड कुणी वापरू नये. क्रोम जातं आणि आतली रबरी रिंगही खराब होते. ती रिंग फार महत्त्वाची. प्रेशर वाढलं की ती दबून पाण्याची वाट अरुंद करते आणि प्रवाह जवळपास सारखा राहतो. म्हणून अशा एरेटरची किंमत साध्या जाळीपेक्षा जास्त असते, आणि हा फरक दुकानदाराने दोन्ही वस्तू उघडून दाखवावा.

खरं पाणी मात्र फ्लशमध्ये आहे. चौघांचं घर, माणशी दिवसाला पाच फ्लश, दहा लिटरची जुनी टाकी : दिवसाला २०० लिटर. सहा आणि तीन लिटरच्या ड्युअल फ्लशमध्ये, म्हणजे पूर्ण आणि अर्ध्या फ्लशची वेगळी बटणं असलेल्या टाकीत, माणशी एक पूर्ण आणि चार अर्धे धरले तर १८ लिटर, घराचे ७२. रोजचा फरक १२८ लिटर, महिन्याला ३,८४०. वीस फ्लॅटच्या सोसायटीत ७६,८०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या साडेसात खेपांहून जास्त. हा हिशेब आम्ही दुकानदाराला कागदावर घालून देतो, आकडे गिऱ्हाइकाच्या घराप्रमाणे बदलायचे. मात्र हा फायदा अर्धं बटण दाबलं तरच. बसवून झाल्यावर प्लंबरने घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांसह, कुठलं बटण कशाचं हे दाखवून यायला हवं.

इथे दोन धोके आहेत. पहिला, जुनं भांडं तसंच ठेवून फक्त टाकी बदलणं. दहा-बारा लिटरसाठी घडवलेलं भांडं सहा लिटरमध्ये साफ होत नाही, माणूस दोनदा फ्लश करतो आणि बारा लिटर जातात. भांडं आणि टाकी जोडीनेच बदलावी. मग भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर चार, नऊ की बारा इंच, ट्रॅप एस (पाणी खाली जमिनीत जाणारा) की पी (मागे भिंतीत जाणारा), हे पाहून-मोजूनच ऑर्डर घ्यावी. भांडं बदलायचं नसेल तर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली एक लिटरची बाटली ठेवावी आणि साफ होतंय का ते पाहावं. वीट टाकू नये, तिचा चुरा वॉशरखाली जातो.

दुसरा धोका गळतीचा, आणि तो कुणाला दिसत नाही. फ्लश व्हॉल्व्हच्या वॉशरवर क्षार किंवा वाळूचा कण बसला की पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने आवाज न करता उतरत राहतं. मिनिटाला फक्त १०० मिलिलिटर गळालं तरी दिवसाला १४४ लिटर होतात. ड्युअल फ्लशने वाचवलेले १२८ त्यातच बुडाले. ही गळती तपासायला टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. म्हणून आम्ही विकतो त्या प्रत्येक टाकीचा वॉशर, इनलेट व्हॉल्व्ह आणि बटणाचा सेट दुकानात सुटा मिळालाच पाहिजे, हा आमचा नियम. सुटा भाग मिळत नाही ती टाकी कितीही स्वस्त असो, आम्ही ठेवत नाही.

काउंटरवर दाखवायला आमच्याकडे एक स्टँड आहे : खाली टाकी, अर्ध्या एचपीचा पंप, प्रेशर गेज, एक बॉल व्हॉल्व्ह आणि शेजारी-शेजारी दोन सारखे नळ, एकाला एरेटर. दोन्हींखाली लिटरचं माप धरून दहा सेकंद नळ सोडायचा आणि आलेल्या मापाला सहाने गुणायचं. बॉल व्हॉल्व्ह त्याचसाठी आहे की पंपाचं जोरदार प्रेशर दाखवून माल विकू नये. गिऱ्हाइकाच्या मजल्याला मिळेल तेवढंच प्रेशर ठेवायचं आणि तेवढ्यावर धार पटली तरच वस्तू द्यायची.

भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये आयएस १७६५० हे पाणीबचतीच्या फिटिंगसाठीचं मानक काढलं; पहिला भाग सॅनिटरीवेअरचा, दुसरा नळ-शॉवरचा. ऑस्ट्रेलियात २००५ च्या कायद्याने अशा मालावर पाण्याचा वापर सांगणारं लेबल सक्तीचं झालं आणि विनालेबल माल न विकण्याची जबाबदारी दुकानदारावरही आली. आपल्याकडे ती वेळ येईल तेव्हा येईल. तोवर आम्ही खोक्यावर मराठीत चिठ्ठी लावतो : एक किलोवर मिनिटाला किती लिटर, किमान किती प्रेशर लागतं, कुठे बसवू नये. शेवटची ओळ वाचून विक्री बुडेल असं काही दुकानदारांना वाटायचं. उलट त्या ओळीमुळे गिऱ्हाईक बाकीच्या दोन ओळींवर विश्वास ठेवतं.

सोसायटीचं काम घेणाऱ्या दुकानदाराला आम्ही घाई करू देत नाही. आधी सगळ्या फ्लॅटमध्ये रंगाची चाचणी आणि वॉशरबदल. मग सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा, असे दोनच फ्लॅट निवडून फिटिंग बसवायचं. वरच्या फ्लॅटमध्ये प्रेशरची तक्रार येते का ते कळतं, खालच्या फ्लॅटमध्ये किती पाणी वाचतं ते. महिनाभर दोन्हीकडचं ऐकून, वरच्या मजल्यांना वेगळा एरेटर लागणार असेल तर तसा लिहून, मग उरलेल्या फ्लॅटचं कोटेशन द्यायचं.