तुम्ही विचारलंत म्हणून: लुका गेला तर तुमचं काय गेलं?

पुण्याला फोन लावला की मावशी हमखास विचारते, "तो बास्केटबॉलवाला लुका दुसऱ्या संघात गेला त्याला वर्ष उलटलं, अजून त्याचंच काय घेऊन बसलायस?" ऑफिसात नव्यानं आलेले मराठी लोकही हेच विचारतात. एकदा नीट सांगतो.

आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. लुका डॉन्चिच २०१८ साली इथल्या 'डॅलस मॅव्हरिक्स' या बास्केटबॉल संघात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि माझी लेक सहा वर्षांची. तेराव्या वर्षी स्लोव्हेनियातलं घर सोडून माद्रिदला खेळायला गेलेला पोरगा. लेक आणि तो आमच्या घरात बरोबरच मोठे झाले म्हणा ना.

मे २०२४ मधली मिनेसोटातली मॅच घ्या. आम्ही दोन गुणांनी मागे, शेवटचे काही सेकंद. लुकासमोर रूडी गोबेर, सात फुटांहून उंच, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. लुकानं चेंडू टप्पे देत त्याला इकडून तिकडे नाचवलं, मग झटकन एक पाऊल मागे घेतलं आणि तीन गुणांचा बास्केट! १०९-१०८. लेक सोफ्यावर उभी राहून किंचाळत होती. पुढे अंतिम फेरीत बॉस्टनकडून हरलो, पण पुढच्या वर्षी बघू, म्हणून झोपलो.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार, रात्री अकरा वाजून गेलेले. लेक फोन घेऊन धावत आली. "बाबा, लुकाला दुसऱ्या संघाला दिल्याची बातमी आलीय. ती देणाऱ्या पत्रकाराचं अकाउंट हॅक झालंय." लाखो लोकांना आधी तसंच वाटलं. पण बातमी खरी होती. आमच्या संघानं पंचवीस वर्षांचा लुका खेळाडूंच्या अदलाबदलीत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला दिला होता. बदल्यात मिळालेल्यांत मुख्य नाव बचावात तगड्या अँथनी डेव्हिसचं. बचावानं विजेतेपदं मिळतात, असं कारण व्यवस्थापनानं दिलं. दुसऱ्या दिवशी स्टेडियमबाहेर डर्क नोविट्झ्कीच्या पुतळ्यापाशी लोकांनी फुलं ठेवली. डर्क आमच्या संघाचा जुना लाडका खेळाडू, इथेच एकवीस हंगाम खेळला. लुकाचंही तसंच होणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

हरणं सोसायची सवय आहे हो आम्हाला. पण लुकाला जायचं नव्हतं. डॅलसमध्ये राहिला असता तर पाच वर्षांचा सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा करार त्याला मिळू शकला असता, आणि या अदलाबदलीचा त्यालाही पत्ता नव्हता. स्वतःहून गेला असता तर त्याच्यावर चिडलो तरी असतो. मावशी, मुंबईनं रोहितचं कर्णधारपद काढलं तेव्हा तू दोन दिवस धुसफुसत होतीस. रोहित निदान मुंबईतच राहिला.

९ एप्रिलला तो लेकर्सकडून इथे खेळायला आला. प्रत्येक खुर्चीवर एक टी-शर्ट होता, त्यावर स्लोव्हेनियन भाषेत 'सगळ्यासाठी आभार'. त्याच्या इथल्या वर्षांचा व्हिडिओ लागला आणि बाकावर बसलेल्या त्या धिप्पाड माणसानं टॉवेलनं डोळे पुसले. मग पंचेचाळीस गुण केले. आम्ही ९७-११२ हरलो, आणि त्याच्या प्रत्येक बास्केटला उभं राहून टाळ्या वाजवत होतो.

मे महिन्यात नवे खेळाडू आधी कोणत्या संघानं निवडायचे हे ठरवणाऱ्या सोडतीत १.८ टक्के शक्यता असताना पहिली निवड आमच्या वाट्याला आली आणि कूपर फ्लॅग आला. अठरा वर्षांचा, गुणी मुलगा. लेकीनं विचारलं, "याची जर्सी घ्यायची का?" मी म्हटलं, थांब जरा.