तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं रक्त वाहतंय आणि मॅडम, तुम्ही नाव काय विचारताय?

मागच्या महिन्यात एका साखरपुड्याला गेले होते, तिथे एक ताई पंगतीतून उठून माझ्याजवळ आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भावाला आमच्याकडे आणलं होतं, बाईकवरून पडला होता, डोकं फुटलेलं, शर्ट सगळा लाल. भाऊ आता ठणठणीत आहे, पण त्यांच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट राहून गेली होती. "मॅडम राग मानू नका, पण त्याचं एवढं रक्त जात होतं आणि तुम्ही आधी नाव विचारत बसलात, ते का हो?"

मी हायवेलगतच्या एका छोट्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला आहे, अकरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला कोणी रडत विचारलाय, कोणी रागाने, एकदा एकजण अंगावर धावून आला होता. बऱ्याच जणांना वाटतं की नाव केस पेपरसाठी विचारतात, म्हणजे आधी पेपर मग डिपॉझिट मग उपचार. तसं नाहीये हो. पेपर मागाहून होतो, पोलिसांचं एमएलसीचं काम, म्हणजे अपघाताच्या केसची नोंद, ते पण मागाहून. आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच परमानंद कटारा केसमध्ये सगळ्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

नाव विचारणं हीच माझी पहिली तपासणी असते. पेशंटने स्पष्ट आवाजात स्वतःचं नाव सांगितलं की मला कळतं की घसा मोकळा आहे, छातीत हवा जातीये, मेंदूला रक्त पोचतंय आणि माणूस शुद्धीवर आहे, आणि हे सगळं दोन सेकंदांत, कुठलंही मशीन न लावता. आवाज घुरघुरत आला तर तोंडात रक्त नाहीतर उलटी साचलीये, आधी सक्शन, म्हणजे नळीने ते ओढून काढायचं. एकेक शब्द तोडून, दम खात बोलला तर लक्ष छातीकडे. नाव सांगितलं पण "मी कुठे आहे, मी कुठे आहे" हेच परत परत चाललंय तर डोक्याच्या माराची काळजी. आणि काहीच बोलला नाही तर मग टाके वगैरे सगळं बाजूला, सिस्टर, ब्रदर (पुरुष नर्स), वॉर्डबॉय मामा सगळे एकाच कॉटभोवती.

म्हणून एक कळकळीची विनंती आहे, मी पेशंटला नाव विचारते तेव्हा उत्तर त्यालाच देऊ द्या. प्रत्येक वेळी भाऊ नाहीतर मेव्हणा पटकन सांगून टाकतो आणि मला परत विचारावं लागतं.

हा क्रम आमच्या मनाचा नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान शेतात कोसळलं, तो स्वतःच चालवत होता. बायको जागीच गेली, चार मुलांपैकी तीन गंभीर जखमी. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की अशा पेशंटला कुठून हात घालायचा हे तिथे कोणालाच माहीत नाही. त्याच्या त्या दुःखातून १९७८ मध्ये एक कोर्स उभा राहिला आणि आज जगभरचे डॉक्टर तो शिकतात. मला ही गोष्ट कायम जवळची वाटते कारण ते हॉस्पिटल आमच्यासारखंच होतं, शेतांच्या मधलं, दोन-चार माणसांचं. क्रम साधा आहे, जे आधी मारतं ते आधी बघायचं. श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, मग कपडे काढून अख्खं अंग बघायचं आणि लगेच पांघरूण घालायचं, कारण अंग गार पडलं की रक्त गोठायचं कमी होतं आणि पेशंट आणखी वाहतो, हे मे महिन्यात पण होतं. फक्त हातापायातून रक्ताची धार लागली असेल तर ती सगळ्याच्या आधी दाबायची, हल्ली तसंच शिकवतात.

त्या ताईंच्या भावाचं डोकं वाहत होतं हे खरं. डोक्याची कातडी फार वाहते, बघणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण ते रक्त डोळ्यांना दिसतं आणि दाबून धरलं की बहुतेक वेळा थांबतं. तेव्हाही एक ब्रदर गॉज दाबून उभाच होता, ते ताईंना रडण्याच्या भरात दिसलं नसेल. माझी भीती न दिसणाऱ्या रक्ताची असते. छातीत, पोटात, कमरेच्या हाडात, मांडीत. एक मांडीचं हाड मोडलं तर एक-दीड लिटर रक्त आतल्या आत साचू शकतं, वरून फक्त सूज, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर.

हे मी एका रात्री शिकले. उसाचा सीझन होता, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला मागून बाईक धडकली, दोन पोरं. एका टेम्पोवाल्याने दोघांना घालून आणलं. एकाचं नडगीचं हाड बाहेर आलेलं, तो इतका ओरडत होता की आम्ही सगळे त्याच्याकडे धावलो. दुसरा बाकावर बसलेला, म्हणाला, "मला काही नाही झालं, आधी त्याला बघा." नाव सांगितलं, गाव सांगितलं, बीपी ११०, म्हणजे ठीक. मी पुढे गेले. आमच्या जुन्या सिस्टर होत्या, त्यांनी त्याला पाणी नको म्हणून सांगताना हात हातात घेतला आणि मला हाक मारली, "मॅडम, याचे हात गार पडलेत." नाडी बघितली तर १३०, फारच जलद. सोनोग्राफी लावली तर पोटात काळा पट्टा, म्हणजे रक्त. प्लीहा (स्प्लीन, पोटातला एक अवयव) फाटली होती. तरणं शरीर दीड लिटर जाईपर्यंत बीपी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं पण त्या रात्री मी आकड्यावर विसंबले. तेव्हापासून नाव विचारते तेव्हा माझा एक हात पेशंटच्या मनगटावर असतोच.

त्या पोराला दोन सलाईन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिकचं इंजेक्शन, अँब्युलन्समध्ये सोबत डॉक्टर, आणि मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन. ते इंजेक्शन काही महागाचं नाही, पण अपघातापासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं, त्यानंतर उलट नुकसान होऊ शकतं. २०१० मध्ये वीस हजारांवर पेशंटच्या अभ्यासात त्याने जीव वाचतात हे दिसलं. म्हणून नातेवाईकांना मी "कसं झालं"च्या आधी "किती वाजता झालं" विचारते. तुमची खरी गरज मला इथे लागते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी, शेवटचं कधी जेवला, हे तुम्हीच सांगू शकता.

आणि रस्त्यावर असाल तर जखमेत हळद, चहापावडर काही भरू नका, स्वच्छ फडकं घेऊन जोरात दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. तोंडात पाणी घालू नका. हातपाय धरून उचलू नका, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून उचला, पण तोंडात रक्त घुरघुरत असेल तर अख्खा माणूस कुशीवर वळवा, श्वास मानेच्या आधी. १०८ ला फोन करा.

अजून एक. ज्याला मी नाव विचारते तो पेशंट. आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांसाठीच्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलं, १३४ अ. पोलीस तुम्हाला अडकवू शकत नाहीत. मला फार वाईट वाटतं की अजून लोक या एका भीतीने गाडी पुढे काढतात.

तो प्लीहेचा मुलगा बरा झाला. प्लीहा काढली की पुढे काही लसी घ्याव्या लागतात, त्यासाठी तो आईला घेऊन आमच्याकडे आला होता. आईने विचारलं की पोरांना कोणी आणलं होतं, आम्हाला त्यांना भेटायचंय. मी त्या रात्रीचं रजिस्टर काढलं. आणणाऱ्याच्या रकान्यात सिस्टरांनी फक्त "टेम्पोवाले" लिहिलं होतं.