कॉलम ते डिटेक्टर: शेपटीचा उगम सापडला

माझ्या एचपीएलसीवर (द्रवातले घटक कॉलममधून वेगळे करणारं यंत्र) युरॅसिलच्या, म्हणजे कॉलममध्ये न अडकता सर्वात आधी बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या, पीकची शेपटी एकदाची गेली! मागचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे डिटेक्टरने काढलेला आलेख, आठवत असेल: उशिरा येणारी पीक्स व्यवस्थित आणि पहिलंच मागे लोळतंय. बहुतेकांचा सल्ला होता, कॉलम बदल. पण कॉलमच्या तोंडाशी पोकळी झाली असती तर सगळ्याच पीक्सचा आकार बिघडला असता. फक्त सुरुवातीची अरुंद पीक्स बिघडली की मी आधी नळ्यांवर संशय घेतो.

कॉलमच्या जागी झिरो डेड व्हॉल्यूम युनियन (आत रिकामी जागा न सोडणारा नळीजोड) लावून पातळ ॲसिटोन सोडलं, २६५ नॅनोमीटरवर पाहिलं. शेपटी तशीच. म्हणजे कॉलम निर्दोष सुटला.

मग डिटेक्टरकडे जाणारी निळी नळी काढली. ०.२५ मिमी बोअर (आतला व्यास), ३० सेंमीत जवळपास १५ मायक्रोलीटर. जागी लाल, ०.१३ मिमीची; तेवढ्याच लांबीत ४. पीक अरुंद झालं, पण शेपटी हटेना! इथे डोकं फिरलं.

घोळ निघाला डिटेक्टरजवळच्या युनियनमध्ये. फ्लो सेलमधून (डिटेक्टरची मोजणीची कुपी) येणाऱ्या स्टीलच्या बारीक नळीवर आधीच्या मालकाच्या काळातलं स्टीलचं फेरूल (नळीला आवळून धरणारी कडी) चेपून बसलेलं. ते एकदा बसलं की पुढे किती टोक राहणार हे कायमचं ठरतं, आणि पोर्टची खोली तर कंपनीगणिक वेगळी. या युनियनच्या तळाला टोक टेकतच नव्हतं. गळती नाही, प्रेशर ठीक, आणि आत एक कप्पा, जिथे सॅम्पल घुटमळतं.

टोक कापणं जिकिरीचं, बोअर मिटायची भीती. कानशीने गोल खाच पाडून पक्कडीने मोडलं, तोंड सपाट घासलं. मग आउटलेटकडून सिरिंजने हलकेच उलटा प्रवाह दिला, नाहीतर भुगा थेट सेलमध्ये. फेरूल यावेळी पीईईकेचं (एक टणक प्लास्टिक): कॉलमनंतर प्रेशर उरतंच किती? हाताने आवळायची फिटिंग्ज इथे स्टीलपेक्षा कधीही बरी, दर वेळी नव्याने बसतात. नळी तळाला टेकवून धरली, मगच नट फिरवला. पीक सरळ!

उरले बेसलाइनवरचे काटे, म्हणजे सेलमधले बुडबुडे. बॅकप्रेशर रेग्युलेटर (सेलच्या पुढे दाब राखून बुडबुडे होऊ न देणारा) मागवणारच होतो, पण लिहिता लिहिता सुचलं: काढलेली निळी नळी आउटलेटला लावली तर? मिनिटाला १ मिलीलीटर पाण्याला ती जेमतेम अर्धा बार देईल. त्याच बोअरचा मीटरभर तुकडा लावला तर दीड बारच्या वर. लाल तिथे नको, बोअर निम्मा झाला की प्रेशर १६ पट. सेलची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहून लांबी कापतो. टीएचएफ (एक सॉल्व्हंट) वापरणाऱ्यांनी मात्र ही नक्कल करू नये, या रंगीत नळ्याही पीईईकेच्याच, आणि ते त्यात फुगतं.